माळावरचा वळसा

१

रस्ता चोरीला गेल्याची फिर्याद कुणी कधी ऐकली नसेल. पण डोंगरकडा गावाच्या वरच्या अंगाला जे राखीव जंगल आहे, तिथल्या वनचौकीत त्या सकाळी नेमकी तीच फिर्याद आली. ती आणली होती हिंगोलीच्या गोपीचंद सरांनी. पोरापोरींना पळायला शिकवण्यात या माणसानं अर्धं आयुष्य घातलेलं. मन सोन्यासारखं, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

वनरक्षक सुनिता तेव्हा चहा गाळत होती. सरांनी बसायला नकार दिला, चहालाही दिला, आणि उभ्याउभ्याच सांगितलं की माळावरची वाट कालच्या जागेवर नाही.

त्याचं असं होतं. येत्या रविवारी या जंगलात पहिलीच डोंगरधाव ठरली होती. ही सडकेवरची शर्यत नव्हे, पायवाटेनं पळायची. सागाच्या रानातून निघायचं, घळीतून दगडधोंडे चढत वर यायचं, गवताळ माळ ओलांडायचा आणि तळ्याच्या काठानं परत खाली उतरायचं. पळणाऱ्याला वाट कळावी म्हणून झाडाझुडपांना निळ्या फिती बांधल्या होत्या. जंगलालगतच्या बंजारा तांड्यावरच्या पोरांनी वाट साफ केली, सुनितानं उभं राहून फिती बांधून घेतल्या. काल दुपारपर्यंत सगळं काम उरकलं आणि मग झाडून सारे डोंगरकड्याच्या बाजाराला गेले.

आज सकाळी सरांची शिष्या ऐश्वर्या सरावाला पळाली. फितींमागं गेली, तर माळावर सरळ जाणारी वाट एकाएकी खाली वळली. खडकाळ उतारावरून भला मोठा वळसा घालून ती पलीकडे पुन्हा जुन्या वाटेला मिळाली. मागच्या आठवड्यात हीच पोरगी इथून सरळ गेली होती.

“मॅडम, बदललेली वाट ज्याला आधी ठाऊक, तो जिंकणार,” सर म्हणाले. “आणि या जंगलात रोज पळणारं माणूस एकच आहे. तुमची दिपा.”

दिपा म्हणजे तांड्याचे नाईक रतनसिंग यांची सून. दोन वर्षांपासून ती पहाटे या रानात पळायची. तांड्यावर पहिल्यांदा हसले, मग सवय झाली, आणि आता साऱ्या तांड्याची नजर तिच्या रविवारच्या शर्यतीवर होती. तिनं स्वतः तर त्या शर्यतीसाठी जिवाचं रान केलं होतं.

सरांनी वनखात्याच्या साहेबांना आधीच फोन लावला होता. साहेबांचा निरोप सुनिताला थोड्या वेळानं आला. संध्याकाळी मी चौकीवर येतो, तोवर नाव कळलं पाहिजे. नाही कळलं तर दिपाला शर्यतीतून काढायचं आणि तांड्यावरच्या पोरांनाही कामावरून कमी करायचं.

सुनितानं चहा तसाच ठेवला आणि माळाची वाट धरली.

२

तिची एक सवय होती. आधी जागा बघायची, माणसं मागाहून. माणसं बोलून गोंधळ घालतात. जागेला बोलता येत नाही, म्हणून ती खोटंही बोलत नाही.

पौषातलं ऊन माळावर पसरलं होतं. गवत वाळून सोनेरी झालं होतं, खाली रानात हरभरा घाट्यावर आला होता. सुनिता जिथं वाट वळली होती तिथं थांबली आणि एकेक फीत हातात घेऊन बघू लागली.

पहिलीच गोष्ट तिला खटकली. एकही फीत तोडलेली नव्हती. खोडी काढणारा माणूस फीत ओढतो, फाडतो, चुरगाळून फेकतो. इथं गाठ नखांनी सोडवून फीत काढली होती आणि नव्या जागी पुन्हा नीट बांधली होती. वळणावर तर एकाखाली एक अशा दोन बांधल्या होत्या, धापा टाकत येणाऱ्याचं वळण चुकू नये म्हणून. सपाटीवर फिती डोळ्यांच्या उंचीला होत्या, उतार लागताच त्या गुडघ्याशी आल्या. उतारावर पळणारा पायाखाली बघतो, वर बघत नाही. एका हिवराची काटेरी फांदी वाटेवर आडवी येत होती, तीही मागं ओढून बांधून टाकली होती.

कुणीतरी वाट हलवली होती खरी, पण पळणाऱ्याच्या पायांची आणि डोळ्यांची काळजी घेऊन हलवली होती.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. वळसाच घालायचा तर वरच्या अंगानं घालता आला असता. तिथं जमीन सपाट, गवत मऊ. मग खालच्या खडकातून काहून नेला? सुनितानं वर चढून एक दगड पायानं हलकेच ढकलला. तो गडगडत खाली गेला आणि जुन्या वाटेच्या मधोमध जाऊन थांबला.

म्हणजे वरून माणसं पळाली असती, तर पायाखालचे दगड नेमके तिथं आले असते. तिथं काहीतरी होतं. जमिनीवरचं, लहानसं, आणि कुणाच्या तरी जिवाचं.

ती दगडामागं खाली उतरली. जुन्या वाटेवर बोराटीच्या वाळक्या फांद्या पसरल्या होत्या. वाट अडवायची असती तर फांद्या आडव्या टाकल्या असत्या. या तशा नव्हत्या. घोंगडं चौपदरी घालावं एवढीच जागा त्यांनी झाकली होती. बुंधे बाहेर, काटे आत, वरून चार दगड दाबलेले. मेंढरांचा वाडा करताना फांद्या लावतात तशा.

सुनिताला आठवलं. इथं दगडांचा आणि वाळक्या काट्यांचा एक ढीग होता. वाट साफ करताना तिनंच बोट दाखवलं होतं आणि दिपाच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, तो ढीग उपसून काट्या ओढ्यात फेकल्या होत्या. दगड वाटेच्या कडेला ओळीनं लावले होते. काम इतकं नेटकं झालं होतं, की तिनं सगळ्यांसमोर त्याची तारीफ केली होती. त्याच काट्या आता कुणीतरी ओढ्यातून वेचून आणल्या होत्या.

टिटवीची अंडी असतील, असं तिच्या मनात आलं. पण टिटवी उन्हाळ्यात अंडी घालते. पौषात कुठली टिटवी?

ती काटी उचलायला वाकली, तेवढ्यात काट्यांच्या पलीकडून आवाज आला.

“हात नका लावू, बाई. काटा मोडंल.”

३

ज्ञानबा उभे होते. खालच्या वाडीचे, मेंढरं राखणारे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अजून काठीसारखा ताठ. माळावर चराई बंद झाल्यापासून त्यांचं वनखात्याशी फारसं पटत नसे. शेजारच्या तांड्याच्या रतनसिंग नाईकांशी तर पाणवठ्यावरून वर्षानुवर्षांचा अबोला.

मेंढरं पलीकडच्या उतारावर होती. म्हाताऱ्यानं शीळ घातली, तशी ती लांबून फिरून खाली गेली. मग ज्ञानबा स्वतः तिच्याकडं निघाले. काट्यांपासून काही अंतरावर ते थांबले, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, अनवाणी वळसा घालून अलीकडे आले आणि वहाणा पुन्हा पायात घातल्या.

वहाणा काहून काढल्या, असं सुनितानं विचारलं. खडा गेला होता, म्हणाले. दोन्ही वहाणांत एकदम खडा कसा गेला, हे तिनं विचारलं नाही. मनात ठेवलं.

तिनं फितींचं विचारलं. ज्ञानबांनी एकदा काट्यांकडं बघितलं, एकदा खालच्या तांड्याकडं. मग शांतपणे म्हणाले, “म्याच हलवल्या. माणसं पळतेत, मेंढरं बुजतेत. लिवा माझं नाव.”

एवढ्यात निकाल लागला असता. साहेबांना नाव हवं होतं, नाव मिळालं होतं. पण सुनिताला नाव असं फुकट मिळालं की शंका यायची. तिनं जवळच्या झुडपाची फीत दाखवली आणि म्हणाली, बाबा, एवढी गाठ सोडवून दाखवा बरं.

ज्ञानबांनी हात पुढं केला. उजव्या हाताची बोटं कधीकाळी दोरीत सापडून वाकडी झालेली. ती बोटं त्या बारीक गाठीभोवती नुसतीच चाचपडत राहिली. बराच वेळ गेला. गाठ जशीच्या तशी.

“थंडी हाय,” ज्ञानबा म्हणाले.

ऊन डोक्यावर होतं. दोघांच्याही कपाळावर घाम होता. म्हातारा दुसरीकडं बघू लागला.

काट्या त्यांनीच लावल्या, हे उघड होतं. तसं लावणं त्यांच्याच हातचं. पण फिती दुसऱ्याच कुणीतरी सोडवल्या होत्या, आणि ते कोण हे ज्ञानबांना ठाऊक असावं किंवा ठाऊक आहे असं वाटत तरी असावं. मग ज्याला पाठीशी घालावं, असा माणूस या म्हाताऱ्याला कोण?

४

डोंगरकड्यात शिवहारचं चहाचं दुकान. त्याच्यावरही संशय घ्यायला जागा होती. डोंगरधाव आपल्या दुकानावरून जावी म्हणून त्यानं सुनिताचं महिनाभर डोकं खाल्लं होतं. तिनं विचारताच तो खो खो हसला.

“मॅडम, मला वाट हलवायची असती तर दुकानाकडं हलवली असती. वर खडकात काहून नेऊ? तिथं काय दगड भजी खाणार हायेत?”

बोलणं बिनतोड होतं. काल दुपारी कोण कोण दिसलं, हेही त्यानं सांगितलं. तांड्यावरची पोरं, कुलदीप धरून, सारी बाजारात होती. रतनसिंग नाईक तर चष्म्याची दांडी मोडली म्हणून दिवस बुडेपर्यंत त्याच्याच बाकड्यावर चष्मेवाल्याची वाट बघत बसले होते. चष्म्याशिवाय त्यांना कपातला चहासुद्धा दिसत नव्हता.

सुनिता तांड्यावर गेली. रतनसिंग ओट्यावर बसले होते. भरघोस पांढऱ्या मिशा, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांच्या बायकोनं, रूपाबाईनं, पाणी आणून दिलं. दिपा घरात नव्हती, तळ्याकडं गेली होती.

सुनितानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की ज्ञानबांनी फिती हलवल्याचं कबूल केलंय आणि संध्याकाळी साहेब त्यांच्यावर कारवाई करतील.

वर्षानुवर्षांचा वैरी सापडला तर माणूस खूश व्हावा. रतनसिंगांचा चेहरा पडला. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले.

“ज्ञानबा खोटं बोलून राहिला,” शेवटी ते म्हणाले. “मी हलवल्या फिती. त्याला तकलीफ नका देऊ.”

सुनिताला हसू आवरेना. आयुष्यात तिनं चोऱ्या नाकारणारे पुष्कळ बघितले होते. एकाच चोरीवर दोन वैऱ्यांनी हक्क सांगावा, हे मात्र नवंच. तिनं शिवहारच्या बाकड्याची आठवण दिली. चष्मा नव्हता, मग एवढ्या बारीक गाठी दिसल्या कशा, असंही विचारलं. नाईक चष्म्याचा दोरा चाचपू लागले. ज्ञानबा समजत होते की हे रतनसिंगांचं काम, आणि रतनसिंग समजत होते की ज्ञानबांचं. दोघंही एकमेकांना वाचवायला निघाले होते. त्या माळावरच्या जागेची खूण दोघांना ठाऊक होती, आणि ती ठाऊक असलेलं तिसरं माणूस या जगात नाही, अशी दोघांचीही खात्री होती.

निघताना रूपाबाई तिच्या मागं फाटकापर्यंत आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

“मॅडम, दिपाला काही विचारू नका. तिला त्यातलं काहीच ठाऊक न्हाई.”

त्यातलं म्हणजे कशातलं, हे विचारायला सुनिता वळली, तर बाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

५

तळ्याकडं जाताना सुनिताचे पाय चालत होते आणि डोकं त्या सगळ्या गोष्टी एकापुढं एक मांडत होतं. जमिनीवरची लहानशी जागा. दगड आणि काट्या, जनावरानं उकरू नये म्हणून लावतात तशा. जिथं म्हातारा वहाणा काढतो. जी दोन वैरी मिळून सांभाळतात. आणि जिच्याबद्दल सुनेला कळू द्यायचं नाही.

तिला आपली आई आठवली. वसमतजवळच्या सुनिताच्या माहेरी तिच्या आधी एक मुलगा झाला होता. तीन दिवसांचा होऊन गेला. वडील एकटेच त्याला घेऊन गेले. आपल्याकडे लहान लेकराला पुरतात, आणि बाळंतिणीला जागा दाखवत नाहीत. दाखवली तर बाई तिथंच जाऊन बसते, म्हणतात. वडिलांनी ती जागा शेवटपर्यंत सांगितली नाही. आई शेतात निघाली की बांधावरच्या हरेक झाडाला हात जोडायची. लहानपणी सुनिताला वाटे, आई फार देवभोळी आहे.

ती वाटेतच थांबली. डोळे पुसले आणि पुढचं कोडं आपोआप सुटत गेलं.

दोन वर्षांमागं दिपाचं पहिलं बाळंतपण झालं होतं, हे तांड्यावर कुणीही सांगितलं असतं. कुलदीप तेव्हा ऊसतोडीला दूर गेलेला, तो परत आला तेव्हा सारं संपलं होतं. बाळाला नाईकच घेऊन गेले असणार. मुरमाड जमीन, एकटा म्हातारा. तिथं मेंढरामागं असलेले ज्ञानबा त्यांच्या हातची कुदळ घ्यायला पुढं आले असणार. बापालाही जागा ठाऊक नाही. म्हणून तर त्यानं तो ढीग इतक्या नेटानं साफ केला.

ज्ञानबांची बोटं गाठ सोडवू शकत नव्हती. नाईक बाकड्यावर होते. गोपीचंद सर आणि ऐश्वर्या काल हिंगोलीत होते. फिती बांधणारा हात पळणाऱ्याचा होता. असा हात एकच उरला.

दिपा तळ्याच्या काठावर पायाचे स्नायू ताणत होती. सुनिता तिच्याजवळ दगडावर बसली. नाव न घेता, आवाज न चढवता, एवढंच म्हणाली की वळसा खालून घेतलास ते बरं केलंस, वरून दगड गडगडले असते.

दिपाचे हात थांबले. तिनं तळ्याकडं बघितलं. रडली नाही.

“ज्ञानबा मामा तिथं वहाणा काढतेत,” ती म्हणाली. “मला बरं वाटंना म्हणून मी रानात हिंडायला लागले होते. हिंडता हिंडता पळायला लागले. रोज लांबून दिसायचं. एवढा मोठा माळ, आणि माणूस एकाच जागी अनवाणी व्हतो. मग कळलं.”

“घरात बोलली नाहीस?”

“मामंजींना वाटतं मला ठाऊक न्हाई. तेवढ्यावर त्यांना झोप लागते. काहून मोडायची?”

काल ती त्या वाटेनं गेली, तर ढीग नव्हता. कडेला ओळीनं लावलेले दगड तिनं ओळखले. ते कुणी लावले हेही ओळखलं, कारण दगड असे सरळ रेषेत लावायची आवड तांड्यावर एकट्या कुलदीपला. रविवारी तिथून शेकडो पाय जाणार होते. सारे बाजारात गेल्यावर तिनं एकेक गाठ सोडवली.

“शर्यत गेली तरी चालंल, ताई. साहेबांना माझं नाव सांगा. पण ह्यांना कळू देऊ नका. आपल्याच हातानं आपण काय केलं, हे त्यांना कसं सोसंल?”

सुनितानं पाण्याकडं बघितलं. तळ्यावर एक बगळा उतरला आणि पुन्हा उडाला.

“तुला सोसणार नाही असं दोन म्हाताऱ्यांना वाटलं,” ती शेवटी म्हणाली. “तू सोसलंस. एकटीनं सोसलंस, एवढंच वाईट झालं. आता तू कुलदीपला एकटा ठेवणार?”

दिपा उठली. खाली सडकेवर साहेबांच्या गाडीचा आवाज येत होता.

६

चौकीत माणसं मावेनात. साहेब खुर्चीवर, गोपीचंद सर भिंतीला टेकून, ऐश्वर्या दाराशी. दोन्ही म्हातारे दोन कोपऱ्यांत एकमेकांकडं न बघता बसलेले. कुलदीप चहाचे कप फिरवत होता. दिपा सगळ्यांच्या मागं उभी होती.

साहेबांनी सुनिताला नाव विचारलं.

सुनितानं कुलदीपकडं बघितलं. हातातलं ताट सावरत तो लक्ष देऊन ऐकत होता. नाव सांगितलं की कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की या पोराच्या हातून ताट पडणार. न सांगावं तर दोघांतल्या एका म्हाताऱ्याच्या माथी हे बसणार.

तिच्या थांबण्याचा अर्थ कुलदीपनं आपल्या परीनं लावला. त्यानं ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, “साहेब, वाट म्या साफ केली. काही कमीजास्त झालं असंल तर जिम्मेदारी माझी. पोरांना काढू नका, मला काढा.”

“तुमी न्हाई,” मागून दिपा म्हणाली. “फिती मी हलवल्या.”

गोपीचंद सरांनी ‘बघा, मी म्हणत होतो’ म्हणायला तोंड उघडलं, पण दिपाचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. साहेबांनी कारण विचारलं.

“कारण आधी ह्यांना सांगते,” ती म्हणाली. “मग तुमाला सुनिताताई सांगतील.”

तिनं भरल्या चौकीत नवऱ्याचा हात धरला. असं तांड्यावरची सून सासऱ्यासमोर कधी करत नाही. नाईकांनी मान खाली घातली नाही, उलट वर केली आणि सुनेकडं बघतच राहिले. ती दोघं बाहेर पडली, माळाच्या बाजूला चढू लागली.

मग सुनितानं सांगितलं. थोडक्यात सांगितलं. कुणाला दोष दिला नाही. ढीग काढायला बोट आपणच दाखवलं होतं, एवढं मात्र सोडलं नाही.

रतनसिंगांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ज्ञानबांकडं बघून म्हणाले, “तिला ठाऊक होतं रे.”

“व्हय,” ज्ञानबा म्हणाले. “आन आपुन दोघं शहाणे.”

वर्षानुवर्षांत दोघांचं चारचौघांतलं ते पहिलं बोलणं.

गोपीचंद सरांनी घसा साफ केला. आपली काही तक्रार नाही, असं ते भिंतीला सांगावं तसं बोलले. पण शर्यतीचा न्यायही बघायला हवा ना, असं पुढं पुटपुटले, तेव्हा ऐश्वर्यानं त्यांना अडवलं. “सर, वळशावरून दिपाताई एकदा गेली असेल. मीही सकाळी एकदा गेले. बरोबरी झाली की.”

साहेब दूरच्या जिल्ह्यातले. तरी त्यांना काही समजावून द्यावं लागलं नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, “वळसा राहू द्या. दरवर्षी तिथूनच.”

दारातून माळ दिसत होता. मावळत्या उजेडात दोन माणसं वर पोचली होती. एक उभं होतं, दुसरं खाली बसलं. मग उभं होतं तेही त्याच्याशेजारी बसलं. सुनितानं चौकीचं दार लोटून घेतलं.

७

रविवारी सकाळी रानात नुसती जत्रा भरली. हिंगोली, वसमत, नांदेड, कुठून कुठून पळणारे आले. शिवहारनं भज्यांची कढई सरळ चौकीपाशीच आणली. रूपाबाई ऐश्वर्याच्या पायाला तेल लावून देत होती आणि सरांना दम भरत होती की पोरगी लई वाळली, तिला खायला घाला.

तांड्यावरच्या पोरांना पाणी देण्याच्या जागा वाटल्या होत्या. कुलदीपला तळ्याकाठची सावलीची जागा मिळाली होती. त्यानं ती दुसऱ्याला दिली आणि पहाटेच माळावर जाऊन उभा राहिला. सुनिता वर पोचली तेव्हा ढीग पुन्हा रचलेला होता. दगड मोठे होते आणि एकावर एक नीट बसवलेले होते. वाटेच्या कडेची दगडांची ओळ तेवढी नाहीशी झाली होती.

घळीतून पहिले पळणारे वर आले. वळणावर फिती होत्याच, दोन दोन होत्या. तरी कुलदीप प्रत्येकाला हात लांब करून खालची वाट दाखवत होता. येईल त्याला दाखवत होता, न चुकता, न थकता. परगावचा एक धिप्पाड गडी धापा टाकत थांबला. सरळ सपाटी सोडून खडकात काहून धाडता, असं त्यानं जरा तक्रारीनंच विचारलं.

कुलदीपनं त्याला पाणी दिलं.

“माझं लेकरू निजलंय तिथं,” तो म्हणाला. “खालून जा, भाऊ.”

त्या माणसानं ढिगाकडं बघितलं. घोटभर पाणी पिऊन खडकातून उतरू लागला. उतरताना मागं वळून त्यानं आपल्या सोबत्याला हातानंच खूण केली, आवाज करू नको अशी. ती खूण मागच्यानं त्याच्या मागच्याला केली. त्यानंतर माळावर नुसते पाय वाजत राहिले.

ऐश्वर्या आली आणि उतरून गेली. तिच्या मागोमाग, फार अंतर न ठेवता, दिपा घळीतून वर आली. घामानं निथळलेली, नजर पुढच्या वाटेवर.

तिला मात्र कुलदीपनं हात दाखवला नाही. तो नुसता बाजूला झाला, आणि ती वळली.